विहिरीवरच्या चिंचेतला माशीमार

‘ताई, आमच्या वावरात विहिरीवर जुनी चिंच आहे. दसऱ्यापासून तिथं चिमणीपेक्षा बारकं, मातकट रंगाचं एक पाखरू येतंय. शेपटी वर करतं, टिर्रर्र करतं. फोटो ॲपमध्ये टाकला तर लाल छातीचा माशीमार असं उत्तर आलं, पण याच्या अंगावर लाल रंग औषधालाही नाही. मग हे कोण? आपल्या भागात असे माशीमार किती जातींचे? आमच्याकडं जंगल नाही, तर बघायचे कुठं? आणि पिकाला त्यांचा काही उपयोग?’ अंबाजोगाई तालुक्यातल्या एका शेतकरी भावानं हे विचारलं आहे.

भाऊ, ॲपचं उत्तर बरोबर आहे आणि तुमचे डोळेही बरोबर आहेत. लाल छातीच्या माशीमारात गळ्यावर नारिंगी-लाल रंग येतो तो फक्त वयात आलेल्या नराला. मादीला तो कधीच येत नाही आणि पहिल्या वर्षाचा नर मादीसारखाच दिसतो. त्यामुळं हिवाळ्यात आपल्याकडं जे लाल छातीचे माशीमार दिसतात त्यातले बहुतेक तुमच्या चिंचेवरच्यासारखे असतात: वरून मातकट, खालून मळकट पांढरे. ओळखायचं ते शेपटीवरून. शेपटी काळपट असते आणि तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा असतो. पाखरू बसल्याजागी शेपटी झटक्यानं वर करतं, मग हळू खाली आणतं. उडालं की ते दोन पांढरे पट्टे उघडे पडतात. ही खूण मिळाली की छातीचा रंग बघायची गरजच राहत नाही.

मी गेली 26 वर्षं पक्ष्यांच्या नोंदी ठेवते, बऱ्याचशा गौताळा अभयारण्यातल्या आणि बालाघाटाच्या रांगेतल्या. तरी मला विचाराल तर शिकायला तुमच्यासारखी विहीरच चांगली. तिथं पाखरू रोज तेच असतं. हिवाळ्यात हे माशीमार आपापला तुकडा धरून राहतात आणि दुसरा आत आला की हाकलून लावतात. तुम्ही दसऱ्यापासून जे बघताय ते बहुतेक एकच पाखरू आहे.

एकदा वीस मिनिटं त्याच्यासमोर बसून बघा. मागच्या डिसेंबरात मी गेवराईकडच्या एका शेतातल्या आखाड्यावर अशी बसले होते. मोटर नुकतीच बंद झालेली, पाटात ओल होती. माशीमार बांधावरच्या लिंबाच्या वाळक्या काडीवर, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर. डोकं एकदा इकडं, एकदा तिकडं. मग खाली झेप. पाटाच्या कडेला टेकला न टेकला तोच वर. चोचीत काहीतरी काळं, पाय वळवळणारं. ते काडीवर एकदा घासलं आणि गिळलं. नंतर हवेत गिरकी घेऊन एक चिलट धरलं, आणि तेव्हा त्याच्या चोचीचा बारीक ‘टक्’ ऐकू आला. वीस मिनिटांत मी त्याच्या 31 झेपा मोजल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त जमिनीकडं होत्या. नाव माशीमार असलं तरी हा गडी मुंग्या, भुंगेरे, कोळी असं जमिनीवरचंही बरंच वेचतो.

याचं वजन दहा ग्रॅमच्या आसपास. एक-एक रुपयाची तीन नाणी तळहातावर ठेवून बघा. एवढ्या वजनाचं पाखरू पूर्व युरोप आणि रशियाच्या जंगलांत घरटं करतं आणि हिवाळा काढायला भारतात येतं. युरोपातले बहुतेक कीटकखाऊ पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेत उतरतात. हा त्यांच्यातला वेगळा, पूर्वेची वाट धरणारा. तिथल्या एखाद्या ओल्या, दाट रानातून निघून तो तुमच्या चिंचेखाली येऊन बसतो, हे आठवलं की मला अजूनही दुर्बीण खाली ठेवून नुसतं बघत राहावंसं वाटतं.

याचा एक जुळा भाऊ आहे, तैगा माशीमार. पूर्वी दोघांना एकच जात मानत, आता वेगळं धरतात. तो सैबेरियाकडून येतो आणि जास्त करून पूर्व भारतात उतरतो, आपल्याकडं कमी. त्याची चोच सगळी काळी असते, तर लाल छातीवाल्याच्या खालच्या चोचीचं बूड फिकट असतं. नरात आणखी एक फरक: तैगाच्या नराचा लाल गळा हिवाळ्यात पुसला जातो, लाल छातीवाल्या मोठ्या नराचा बारा महिने टिकतो. म्हणजे डिसेंबरात भडक गळ्याचा नर दिसला तर तो बहुतेक लाल छातीवालाच.

आता किती जाती, ते सांगते. माझ्या वहीत मराठवाड्यातले 12 आहेत. पण आधी एक गुंता सोडवू. माशीमार हे आडनाव एक असलं म्हणून सगळे भाऊबंद नाहीत. या बारांत चार निरनिराळी घराणी आहेत. लाल छातीचा, टिकेलचा निळा, नीलांग, तपकिरी हे खरे माशीमार कुळातले. स्वर्गीय नर्तक आणि नीलमणी दुसऱ्या कुळातले, आणि ते कुळ कोतवाल, खाटीक, कावळे यांच्या बाजूचं. नाचण तिसऱ्या घराण्याचा. करड्या डोक्याचा पिवळा माशीमार चौथ्या. उलट तुमच्या बांधावर शेपटी उभारून फिरणारा चिरक आणि पहाटे गाणारा दयाळ, ज्यांना आपण कधी माशीमार म्हणत नाही, ते मात्र या खऱ्या माशीमारांच्या कुळातले. पूर्वी त्यांना कस्तुर पक्ष्यांत धरायचे. पुढं डीएनएच्या अभ्यासातून त्यांची जागा बदलली. चिरक हा लाल छातीवाल्याला जितका जवळचा आहे तितका स्वर्गीय नर्तक नाही.

मग यांना एका नावात कोणी बांधलं? धंद्यानं. काडीवर बसायचं, वाट बघायची, उडता किडा दिसला की झेप घ्यायची. त्या धंद्यापायी सगळ्यांची हत्यारं सारखी झाली आहेत. चोच बुडाशी रुंद आणि चपटी, तिच्या मुळाशी ताठ मिशा. या मिशा किडा पकडायच्या जाळ्यासारख्या असाव्यात असं आधी मानत. प्रयोग झाले तेव्हा दिसलं की त्यांचा उपयोग डोळे वाचवायला जास्त होतो, कारण झेप घेताना किड्याचे पाय-पंख तोंडावर आदळतात. डोळे मोठे, पाय मात्र बारीक आणि दुबळे. कारण चालायचं फारसं नसतंच.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. उडते किडे कुठं असतात? जिथं ओल आहे आणि दुपारचं ऊन पोचत नाही तिथं. कोकणात अशी जागा कुठंही मिळते, म्हणून तिथं माशीमार विखुरलेले असतात. आपल्याकडं पाऊस कमी, रान उघडं, मार्चपासून सगळं करपतं. त्यामुळं माशीमार मोजक्या ठिकाणी गोळा होतात: ओढ्याकाठचा करंज-जांभूळ, जुनी आमराई, विहिरीवरचं उंबर, देवळामागची बारव, दर्ग्याची बाग. मी नवीन मुलांना फिरायला नेते तेव्हा पक्षी शोधू नका, सावली शोधा असं सांगते. मे महिन्यात दुपारी जिथं तुम्हाला स्वतःला टेकावंसं वाटेल तिथं माशीमार असतो. तुम्ही म्हणता जंगल नाही. तुमची चिंच आणि विहीर मिळून माशीमारापुरतं जंगल झालेलं आहे.

अशा सावलीचा कायमचा राहणारा म्हणजे टिकेलचा निळा माशीमार. सॅम्युअल टिकेल नावाच्या ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्यावरून हे नाव पडलं. नर पाठीवर गडद निळा, कपाळावर आणि भुवईवर चमकता निळा, गळा-छाती नारिंगी, पोट पांढरं. मादी फिकी. हा स्थलांतर करून येत नाही, बारा महिने इथलाच. पितळखोऱ्याच्या लेण्यांच्या पायऱ्या उतरताना डाव्या-उजव्या झाडीतून बारीक, धातूवर टिचकी मारल्यासारखी किणकिणती शीळ ऐकू येते, ती याचीच. दिसण्याआधी ऐकू येतो. संध्याकाळी इतर पाखरं झोपायच्या तयारीला लागली तरी हा अंधार पडेपर्यंत किडे टिपत असतो. घरटं दरडीच्या कपारीत, झाडाच्या ढोलीत. ओढ्याची दरड जेसीबीनं तासून सरळ केली की पहिलं घर याचं जातं.

नाचण तुम्ही नक्की बघितला असेल, नाव माहीत नसेल इतकंच. आपल्या कोरड्या भागात जास्त दिसतो तो पांढऱ्या भुवईचा. काळपट-करडा, कपाळापासून मानेपर्यंत रुंद पांढरी भुवई, आणि पंख्यासारखी फुलणारी शेपटी. तो एका जागी वाट बघत बसत नाही. फांदीवर डावीकडं वळ, उजवीकडं वळ, शेपटी उघड, मीट, असं चाललेलं असतं. त्या हालचालीनं पानाआडचे किडे बिचकून उठतात आणि हा ते टिपतो. त्याची शीळ चढत-उतरत जाते, एखादा माणूस काम करता करता गुणगुणतोय अशी.

त्याचं घरटं हाताच्या अंतरावरून बघायला मिळालं तर भाग्य समजा. एका आडव्या डहाळीच्या बेचक्यात बसवलेली वाटी, व्यास दोन-अडीच इंच. आत बारीक गवत आणि मुळ्या गोल फिरवून बसवलेल्या. बाहेरून कोळ्याच्या जाळ्याचं लिंपण, इतकं एकसारखं की दुरून फांदीवरची गाठ वाटते. त्यात बहुतेक तीन अंडी. नर-मादी आळीपाळीनं उबवतात.

अशा एका घरट्याची नासाडी माझ्या हातून झाली आहे. सोळा-सतरा वर्षं झाली. लिंबोणीच्या झाडात घरटं होतं आणि फोटोच्या आड एक पानाची डहाळी येत होती. मी ती सुतळीनं बाजूला ओढून बांधली, अर्ध्या तासानं सोडली. त्या अर्ध्या तासात घरटं उघडं पडलं आणि कावळ्यांनी ते हेरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी रिकामी होती आणि नाचणाची जोडी त्या झाडाभोवती ओरडत फिरत होती. ते ओरडणं मी विसरलेले नाही. तेव्हापासून चालू घरट्याचा फोटो मी काढत नाही आणि कुणी घरट्याची जागा विचारली तर सांगत नाही. तुम्हालाही हेच सांगेन. घरटं दिसलं की दहा पावलं मागं या, आणि एकाच वाटेनं सारखं जाऊ नका, कारण मांजर आणि मुंगूस माणसाच्या वाटेनं येतात.

आता स्वर्गीय नर्तक. सगळे त्यासाठीच येतात आणि सगळ्यांना पांढराच नर हवा असतो. काळं तुऱ्याचं डोकं, दुधासारखं अंग आणि मागं फूटभर लांबीपर्यंत जाणारी दोन पिसं. मध्य प्रदेशाचा तो राज्यपक्षी, तिथं दूधराज म्हणतात. पण नराचे दोन रंग असतात हे लक्षात ठेवा, पांढरा आणि तांबूस. लांब शेपटी यायलाही दुसरं-तिसरं वर्ष उजाडतं. मादी तांबूस, आखूड शेपटीची. त्यामुळं तांबूस आणि आखूड शेपटीचं पाखरू दिसलं की ‘ही मादी’ असं ठोकून देऊ नका, ते तरुण नरही असू शकतं. गळा बघा: मादीचा करडा असतो.

गौताळ्यात तो उन्हाळ्यात घरटं करतो, पाण्यापासून फार लांब नाही. लांब शेपटीचा नरही उबवायला बसतो आणि ती दोन पिसं घरट्याबाहेर झुलत राहतात. बऱ्याचदा हा कोतवालाच्या घरट्याजवळ आपलं घरटं थाटतो. कोतवाल शिक्र्यालाही झोंबतो, त्यामुळं शेजाऱ्याची राखण आयतीच होते. त्याला बघायची खात्रीची वेळ म्हणजे उन्हाळ्यातला दुपारचा उतार. झाकोळलेल्या डोहावर वाकलेल्या फांदीवरून तो पाण्यात सूर मारतो, ओला होऊन वर येतो, पिसं झटकतो आणि पुन्हा सूर मारतो. सौताड्याच्या दरीत एका मे महिन्यात मी हे पाऊण तास बघितलं आहे.

हिवाळी पाहुण्यांत नीलांग ओळखायला सगळ्यात सोपा. तुम्ही बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद भिजवत असाल. त्या पाण्याचा जो निळा-हिरवा रंग, तोच या पाखराचा, चोचीपासून शेपटीपर्यंत. नराच्या डोळ्यापुढं काळा डाग. बाकीचे माशीमार सावलीत दबून राहतात, हा मात्र शेंड्यावर किंवा तारेवर उघड्यावर बसतो. हिमालयातून येतो. हिमालयातूनच येणारा दुसरा निळा म्हणजे गर्द निळा-पांढरा माशीमार, ज्याच्या नराच्या पांढऱ्या छातीला दोन्ही बाजूंनी निळा पट्टा असतो. तो मी गौताळ्यात मोजक्या वेळा बघितला. तपकिरी माशीमार गुपचूप असतो, मोठे डोळे, भोवती फिकं कडं, खालच्या चोचीचं बूड पिवळट. ठिपकेवाला माशीमार आफ्रिकेच्या वाटेवर सप्टेंबर-ऑक्टोबरात दोन-चार दिवस थांबतो, कपाळावर रेघा. करड्या डोक्याचा पिवळा माशीमार निखार, चष्मेवाला यांच्या घोळक्यात फिरतो आणि सारखा बोलतो. ठिपकेदार छातीचा नाचण घाटाच्या ओल्या बाजूला. नीलमणी बघायचा तर किनवट-माहूरच्या जंगलात ओढ्याकाठी जा.

जायचंच झालं तर तुम्हाला जवळ पडेल ते येडशीचं रामलिंग. देवळाखालच्या घाटात ओढा आहे, माकडांची गर्दी ओलांडून थोडं पुढं बसा. बीडकडून कपिलधार, पाटोद्याकडं सौताडा आणि नायगावचं मयूर अभयारण्य. संभाजीनगरात हिमायतबाग, शहराच्या मधोमध असूनही जुन्या आंब्यांमुळं चांगली. दूर जायची तयारी असेल तर कन्नडहून गौताळा, निदान दोन दिवस. सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि चारनंतर.

1931-32 साली सालिम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं, तेव्हा मराठवाडा त्या संस्थानातच होता. म्हणजे आपल्या भागातल्या पाखरांच्या शिस्तशीर नोंदींना नव्वदहून जास्त वर्षं झाली. त्या मानानं बीड, धाराशिव, हिंगोली, परभणीतल्या साध्या शेतांवरच्या नोंदी फार थोड्या आहेत. सगळे अभयारण्यात जातात. तुमच्या विहिरीवरची तारीखवार नोंद म्हणून मोलाची आहे.

पिकाचं विचारलंत, तर उगाच फुगवून सांगणार नाही. माशीमार बोंडअळी आटोक्यात आणणार नाही. तिचे पतंग रात्री उडतात आणि अळी बोंडाच्या आत असते. माशीमार खातो ती चिलटं, डास, माश्या, तुडतुडे, लहान पतंग, पंख फुटलेली वाळवी. झाडाभोवतीचा उपद्रव त्यानं कमी होतो, पण एकरांच्या हिशेबानं नाही. हरभऱ्यातल्या घाटेअळीसाठी आपण एकरी 20 पक्षीथांबे लावतो, त्यांवर येणारे कोतवाल, वेडा राघू, चिरक जास्त कामाचे. उलट नातं मात्र थेट आहे: विहिरीभोवती फवारणी झाली की दोन-चार दिवसांत तिथला माशीमार जागा सोडतो, हे मी अनेकदा बघितलं. विहिरीच्या चारी बाजूंनी पंधरा-वीस पावलांचा पट्टा फवारणीतून वगळता आला तर बघा. पंपाची नळी तिथं धुऊ नका.

आणि चिंच. तुमच्या पत्रात ‘भावकी म्हणते सावलीनं तूर दबते, तोडून टाक’ असं वाक्य आहे. सावलीनं तुरीच्या चार-सहा ओळी दबतात हे खरंय. पण रस्ते रुंद झाले त्यात दुतर्फा चिंचा, वड, लिंब गेले, बांधावरची झाडं वाटण्यांत गेली, आणि अशी जुनी सावली आता मोजकी उरली आहे. तशी चिंच उभी व्हायला पन्नास वर्षं लागतात. तोडू नका. खालच्या एक-दोन फांद्या उतरवून पिकाला ऊन मिळत असेल तर तेवढं करा, तेही पावसाळ्याच्या आधी नाही, कारण त्या दिवसांत घरटी असतात. वाळक्या काड्या मात्र ठेवा. माशीमाराला बसायला पानाची फांदी नको असते, उघडी काडी हवी असते.

उन्हाळ्यासाठी एक परळ ठेवा, मातीचं, उथळ, दोन बोटं पाणी राहील एवढं. चिंचेच्या सावलीत, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, आणि वर हातभर अंतरावर एक काडी आडवी बांधा. त्या काडीशिवाय माशीमार परळाशी येत नाही. चिमण्या, सातभाई येतील, हा नाही. पाणी रोज बदला, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात.

तुमचा पाहुणा एप्रिलपर्यंत परत निघेल. पाडव्यानंतर रोज सकाळी त्याच काडीकडं बघून ठेवा आणि शेवटचा दिसला ती तारीख लिहा. माझ्या वहीत गेल्या वर्षीचा शेवटचा 9 एप्रिलचा आहे, नारिंगी गळ्याचा नर. तुमची तारीख आली की शेजारी लिहून ठेवते, आणि पुढच्या दसऱ्याला तो परत कधी उतरतो तेही कळवा.